बिघडलेल्या चित्रांविषयी मृणालला

राळेगाव, जि. यवतमाळ

चि. मृणाल,


दिवाळीत ठेवून गेलेला तुझा चित्रांचा गठ्ठा सवडीने पाहिला. तू रद्दीत द्या म्हणाली होतीस, पण काही दिलं नाही. यातली फार थोडी चित्रं खरोखर बिघडली आहेत. बाकीची तू घाबरून मध्येच सोडली आहेस, आणि भीती गडद रंगाची आहे. जलरंग ओला असताना दिसतो त्यापेक्षा सुकल्यावर फिका पडतो, हे तुला माहीत असूनही तुझा हात फिक्यावरच थांबतो.

वर्धा नदीचं चित्र घे. मोबाइलवर त्याचा फोटो काढून तो कृष्णधवल कर. आकाश, पाणी आणि पलीकडचा काठ, तिन्ही सारख्याच करड्या छटेत दिसतील. पाणी चमकत नाही म्हणून तू त्यावर पांढरा रंग चढवायला निघाली होतीस. त्याची गरजच नाही. काठावरच्या झाडीत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं दाट मिश्रण एकदाच लाव, ब्रश घासू नकोस. पाणी न शिवता उजळेल.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तू छापील रूपात नक्की पाहिलं असशील. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कित्येक लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. पण ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. समोर त्यांची मुलगी गीता उभी होती. त्या चित्रात दिव्यापेक्षा भोवतीचा अंधार पाहत जा. तो अर्ध्यावर सोडला असता तर चेहऱ्यावर प्रकाश कुठून आला असता?

आता रंग काढण्याचं. स्वच्छ पाण्यात भिजवलेला जरा ताठ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा आणि लगेच जुन्या सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी निघतात. प्रशियन ब्लू आणि थॅलो ब्लू कागदात मुरतात. त्यांचा डाग कितीही टिपला तरी राहतो. जिनिंग कारखान्याच्या चित्रातलं आकाश थॅलोचं आहे. ते धुण्याच्या नादात कागदाची लव निघाली, आणि तिथे आता कुठलाही रंग ठिपक्यासारखा पसरणार. त्या चित्राला वरून कात्री लाव. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या करून चित्रावर सरकवून बघ. आकाश निम्मं गेलं की कापसाच्या गाड्यांची रांग एकदम पुढे येते. कापणं म्हणजे हार मानणं नव्हे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेपासून कागद कडेपर्यंत भरायची सवय लागते, ती सोड.

कागदाचं मात्र मनावर घे. तीनशे जीएसएमचा, पूर्ण कापसाचा कागद पुन्हा ओला केलेला सोसतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद दुसऱ्यांदा भिजवला की सोलवटतो. आपल्या तालुक्यातून कापूस गाठींनी बाहेर जातो आणि चित्राला लागणारा कापसाचा कागद आपण फ्रान्सहून आलेला घेतो, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते. जास्त नको, चार ताव घे आणि फाडून लहान तुकडे कर.

पऱ्हाटीच्या शेताचं चित्र तुकड्यातुकड्याचं झालंय. प्रत्येक ओळीचा हिरवा वेगळा. अशा ठिकाणी काही काढायचं नाही. चित्र पूर्ण वाळू दे, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत, मग पातळ पिवळसर रंगाचा एकच पारदर्शक हात रुंद ब्रशने डावीकडून उजवीकडे ने आणि मागे वळू नकोस. सगळे हिरवे एका उन्हाखाली येतील. खालचा थर ओलसर असला तर मात्र चिखल होतो. तुझ्या गठ्ठ्यातली तीन-चार चित्रं याच घाईने मळली आहेत, तिथे रंगाचा काही दोष नाही.

धारदार पात्याने खरवडून पाण्यावरची तिरीप काढता येते, पण ते अगदी शेवटचं काम. खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लावला तर तो शोषला जाऊन काळा डाग पडतो.

आणखी एक. मे महिन्यात इकडे पारा ४५ ला टेकतो. दुपारी रंगवायला बसलीस तर आकाशाचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं वाळतं आणि मध्ये कडक रेघ पडते. ती रेघ पूर्ण घालवणं कठीण. पहाटे बस, किंवा पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाक. पावसाळ्यात याच्या उलट, तासभर थर वाळत नाही आणि कपाटातल्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा ताव गुंडाळून ठेवू नकोस.

पळसाच्या चित्राला मी हात लावलेला नाही. त्यात काळ्या फांदीवर तू दाट केशरी पोस्टर कलर थापला आहेस आणि जलरंगाची शिस्त मोडली आहेस. तरी ते मला आवडलं. शेताच्या धुऱ्यावरचा फाल्गुनातला पळस, पान नाही आणि नुसता भडका, तो तसाच दिसतो. नियम माहीत असून मोडला असशील तर उत्तम, नसशील तरी त्याला दुरुस्त करू नकोस.

नदीचं चित्र मात्र दुरुस्त केलंस तरी एकदा नव्याने काढ. जुनं समोर ठेव, झाडी आधी गडद कर आणि आकाशाला शेवटी हात घाल, नेहमीच्या उलट.

बाकीची चित्रं शनिवारी बाबांबरोबर पाठवतो. पळसाचं मी महिनाभर ठेवून घेतो, शाळेतल्या पोरांना दाखवायचं आहे.

तुझा,
मामा