रिपोर्टमधला ‘मोल’ आणि फोनमधला तीळ

स्त्रीरोग विभागात काम करणाऱ्या एक सिस्टर नव्याने आलेल्या परिचारिकांना एक हकीकत आवर्जून सांगतात. तिसरा महिना चालू असलेल्या एका बाईला अंगावरून जाऊ लागलं म्हणून घरच्यांनी रुग्णालयात आणलं. सोनोग्राफी झाली, पिशवी साफ करावी लागली आणि डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिलं गेलं : ‘व्हेसिक्युलर मोल’. घरी गेल्यावर दिराने त्यातला ‘मोल’ तेवढा फोनमध्ये टाकला. उत्तर आलं, तीळ. तिळासारखं काहीतरी होतं, ते काढून टाकलं, आता काळजी नाही, असा घरच्यांनी समज करून घेतला. आठवड्याने ठरलेल्या रक्ततपासणीला कोणीच आलं नाही.

सिस्टरनी फोन लावला. “मावशी, हा तीळ नव्हे. याला आपल्याकडे द्राक्षगर्भ म्हणतात. सूनबाईंचं रक्त तपासायलाच हवं, उद्या घेऊन या.” दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी हजर झाल्या.

हा फरक जिवावर बेतू शकणारा होता. द्राक्षगर्भात फलनाच्या वेळीच बिघाड झालेला असतो. गर्भ नीट वाढत नाही, वारेच्या पेशी मात्र फुगत जातात आणि द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फुगे तयार होतात. पिशवी साफ केल्यावरही काही स्त्रियांमध्ये या पेशी मागे उरून वाढू लागतात, क्वचित कर्करोगाचं रूप घेतात. म्हणून बीटा एचसीजी या संप्रेरकाची रक्ततपासणी त्याची पातळी मूळ पदावर येईपर्यंत साधारण दर आठवड्याला करतात, आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवतात. या काळात पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नसतात. गरोदरपणातही हेच संप्रेरक वाढतं, त्यामुळे आजार परतला की नवा गर्भ राहिला, हे ओळखणं कठीण होतं. वेळेवर लक्षात आलं तर बहुतेक जणी औषधोपचाराने पूर्ण बऱ्या होतात.

फोनने दिलेला अर्थ शब्दकोशात आहेच. अडचण अशी की इंग्रजीत ‘मोल’ हा एक शब्द नाही. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच, पण शब्द अनेक. त्वचेवरचा तीळ हा जुन्या इंग्रजीतला, मूळ ‘डाग’ या अर्थाचा शब्द. जमिनीत बोगदे करत राहणारा चिचुंदरीसारखा प्राणी हा दुसरा, डच आणि त्याच्या शेजारभाषांतल्या शब्दाशी नातं सांगणारा. 1974 साली आलेल्या जॉन ल कारे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या कादंबरीने शत्रूच्या गोटात मुरलेल्या हेराला हेच नाव सर्वतोमुखी केलं. तो अर्थ या प्राण्यावरूनच निघाला. रसायनशास्त्रातला मोल जर्मनीतून आला. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी ‘मोलेक्यूल’वरून हे नाव पाडलं, आणि 2019पासून एक मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण अशी त्याची व्याख्या आहे. द्राक्षगर्भाचा मोल लॅटिन ‘मोला’वरून, म्हणजे जात्याच्या दगडावरून आला.

नर्सिंगला येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलींना हे सगळे मोल एकामागून एक भेटतात. शाळेत रसायनशास्त्राचा, त्वचाविभागात तिळाचा, प्रसूतिविभागात द्राक्षगर्भाचा. ‘मोलर’ तर आणखी घोटाळ्याचा. द्रावण मोलर असतं ते रसायनातल्या मोलमुळे. दाढेलाही मोलर म्हणतात, पण ते दळण्याच्या जात्यावरून. ‘मोलर प्रेग्नन्सी’ हे शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलीला दाढेचा आणि गर्भाचा संबंध काय, असा प्रश्न पडला तर तिचं काही चुकत नाही.

अशा वेळी बहुतेक जणी वहीत ‘मोल’ लिहून पुढे स्वल्पविराम देत सगळे अर्थ मांडतात आणि पाठ करतात. सिस्टरांचा सल्ला याच्या उलट आहे. हे वेगळे शब्द आहेत, तर वहीतही त्यांना वेगवेगळी पानं द्यावीत. प्रत्येकाखाली एक पूर्ण वाक्य लिहावं, ज्या विभागात तो भेटला तिथलं. ‘व्हेसिक्युलर’ शेजारी असेल तर द्राक्षगर्भ, ‘त्वचा’ असेल तर तीळ, आकडा आणि ‘लिटर’ असेल तर रसायन. परदेशातल्या नातेवाइकाचा साखरेचा रिपोर्ट ‘5.6’ आला म्हणून घाबरण्याचं कारण नसतं, तेही याचमुळे : ब्रिटनमध्ये साखर लिटरमागे मिलिमोलमध्ये मोजतात, आणि आपल्या पद्धतीने ती डेसिलिटरमागे साधारण 100 मिलिग्रॅम होते.

मात्र वेगळे दिसणारे सगळेच अर्थ परके नसतात. शौचाचा नमुना आणायला सांगताना ‘स्टूल’ म्हणतात, तेव्हा बसायच्या स्टुलाशी त्याचा खरोखरच संबंध आहे. बसायचं आसन, मग शौचाला बसायचं आसन, मग शौच, असा तो अर्थ सरकत गेला. अशी साखळी सापडली तर ती धरून शिकावं. सापडत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये. मोठ्या इंग्रजी कोशांत हा फरक दाखवलेला असतो. मूळ वेगळं असलेल्या शब्दांच्या डोक्यावर एक, दोन, तीन असे बारीक आकडे देऊन स्वतंत्र नोंदी केलेल्या असतात, तर एकाच शब्दाचे सरकत गेलेले अर्थ एका नोंदीत येतात.

काही जोड्या उच्चाराने सुटतात, म्हणून मोठ्याने वाचायची सवय हवी. प्रसूतीच्या नोंदीत ‘टेअर’ म्हणजे फाटणं. तेच स्पेलिंग ‘टिअर’ असं वाचलं की डोळ्यातलं पाणी. जखम म्हणजे ‘वूंड’, आणि पट्टी गुंडाळली याला ‘वाउंड’.

या प्रकाराची मराठी माणसाने धास्ती घेऊ नये. ‘नाव’ म्हटलं की होडी की ओळख, ‘वात’ म्हटलं की समईतली की सांध्यांतला, हे आपल्याला आजूबाजूच्या शब्दांवरून लगेच कळतं. इंग्रजीतही तोच कान तयार करायचा आहे. त्याला वाक्यं वाचावी लागतात, सुट्या अर्थांच्या याद्या पुरत नाहीत.

रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढं जरूर करावं : न कळलेला शब्द फोनमध्ये एकटा टाकून मिळालेल्या उत्तरावर निर्णय घेऊ नये. संपूर्ण ओळ डॉक्टरांना किंवा सिस्टरना दाखवावी, आजाराचं मराठी नाव विचारून कार्डावरच लिहून घ्यावं, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे ते विचारल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये.