तंबूतलं महाबळेश्वर

हे बघ मने, काल फोन स्पीकरवर होता आणि काकू शेजारीच होत्या, म्हणून मी नुसतं हं हं केलं. आता नीट सांगते. घरात झाडं वाढवायला तीन बाय तीन फुटांचा तंबू घेतलास, छान केलंस. दीडशे वॉटचा एलईडी लावलास, तेही ठीक. पण तंबूची चेन बंद करून आत पोर्टेबल एसी बसवायचा आणि भर मेमध्ये मुलुंडला स्ट्रॉबेरी काढायची, हे जे तुझ्या डोक्यात बसलंय ना, ते मी बोरिवलीत करून चुकलेय. पैसे किती गेले ते ह्यांनाही पुरतं माहीत नाही, तेव्हा तूही बोलू नकोस.

एसी तंबूत ठेवला, त्याची गरम हवेची नळी खिडकीतून बाहेर काढली. बटण दाबलं आणि पाच मिनिटांत तंबूच्या भिंती आत खेचल्या गेल्या, उपाशी जनावराच्या पोटासारख्या. एका नळीचा एसी हवा बाहेर फेकतो, मग ती कुठून तरी आत घेणारच ना! तंबूत चेनीच्या फटींतून खोलीतली हवा शिरत होती आणि खोलीत दाराखालून बाहेरची. म्हणजे मेमधली दमट बोरिवली मी वीजबिल भरून आत ओढत होते.

दुसरी गंमत हिशोबाची. एक टनाचा एसी तासाला 12,000 बीटीयू उष्णता काढतो. तुझा दीडशे वॉटचा दिवा तासाला जेमतेम 510 बीटीयू उष्णता सोडतो. तेवीसपट मोठा एसी! डास मारायला तोफ. दोन मिनिटांत तंबू गार, की कॉम्प्रेसर बंद. तीन मिनिटांनी परत सुरू. आणि हवेतलं पाणी काढायला एसीला सलग चालावं लागतं. थांबत थांबत चालला की गारवा देतो, कोरडेपणा नाही. पाऊण टनाचा आणलास तरी तेच. स्प्लिटची हवा पाइपने तंबूत सोडायचा विचारही मनातून काढ.

मी सकाळी चेन उघडली तेव्हा आर्द्रतेचा काटा 92 टक्क्यांवर होता. आतल्या चंदेरी कापडावरून पाण्याचे ओघळ, आणि कोथिंबिरीच्या काड्या मातीलगत काळ्या पडून चिमटीत विरघळत होत्या. ओल्या पायपुसण्याचा वास. झाडांना तू जे पाणी घालतेस ते जवळजवळ सगळं पानांतून वाफ होऊन परत हवेत येतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मग डिह्युमिडिफायर आणायला निघाले होते. तो म्हणजे छोटा एसीच, पण त्याची गरम पाठही आतच! कोरडं करतो आणि तापवतो.

आणि बंद तंबू झाडांनाच नको असतो गं. एवढ्याशा जागेतल्या हवेत सव्वा ग्रॅमभर कार्बन डायऑक्साइड असतो. पानं भरली की झाडं तो तासा-दीड तासात फस्त करतात आणि मग दिवा नुसता जळत राहतो. त्यावर सिलिंडर आण असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. झोपायच्या खोलीत तो वायू कोंडला तर जीव जातो.

तेव्हा तंबू गार करूच नकोस. खोली गार कर आणि तंबूला श्वास घेऊ दे. खालची झडप उघडी, वर चार इंची एक्झॉस्ट पंखा, खोलीतली गार हवा खालून आत आणि गरम हवा वरून परत खोलीत. दीडशे वॉटला एवढा पंखा पुरतो. तंबू खोलीपेक्षा दोन-तीन डिग्रीच वर राहतो. तुमच्या बेडरूमचा एसी रात्री चालतोच, मग दिवाही रात्रीच लाव, नऊ ते नऊ. तंबूतून उजेड बाहेर येत नाही, जावईबापूंची झोप मोडणार नाही. पंख्याची घरघर मात्र होईल, त्याला तारेने टांगून ठेव, दांडीला घट्ट बांधू नकोस. दिव्याचा ड्रायव्हर तंबूबाहेर काढता येत असेल तर काढ, तेवढी उष्णता आत नको. पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर.

बिलाचं म्हणशील, तर दिवा महिन्याला 54 युनिट खातो, आणि त्याची उष्णता काढायला एसी आणखी वीसेक. मुलुंडला तुमची महावितरण, आमच्याकडे अदानी, पण शंभर-तीनशे-पाचशेचे टप्पे दोघींनाही. तीनशेची रेघ ओलांडताना बघ. एसी स्वतंत्र सॉकेटवर, आणि दिवा-पंख्याचा एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, पाणी सांडतंच.

आता स्ट्रॉबेरी. तिला थंड रात्री हव्यात, दहा-पंधरा डिग्रीच्या. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, 2010 साली तिथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या हवेमुळेच. आणि तू दिवा रात्री लावलास की झाडाची रात्र होणार आपल्या दिवसा, एसी बंद असताना, तेहतीस डिग्रीत! राणीच्या बागेत पेंग्विनना 16-18 डिग्रीत ठेवतात, पण त्यामागे महापालिका आहे. तुझ्यामागे फक्त काकू. पुण्याकडे कंटेनरमध्ये केशर घेतात ते वाचून भुलू नकोस. त्याच्या कंदातच शिदोरी असते, फुलायला माती न् दिवा फारसा लागत नाही, म्हणून थंडगार बंद खोलीत ते जमतं.

तू तुळशीची इटालियन बहीण लाव, बेझिल. तिला पंचवीस ते तीस डिग्री आवडतात, दुपारची ऊबही चालते. शेजारी मेथी-मोहरीचे मायक्रोग्रीन्स, आठ-दहा दिवसांत ताटात. लेट्यूस डिसेंबर-जानेवारीत कर. मेमध्ये तो तुरा काढतो आणि कडू होतो.

एक नाजूक गोष्ट. ग्रो टेंट म्हटलं की लोकांच्या मनात गांजा येतो, आणि 1985च्या कायद्याने त्याचं एक झाडसुद्धा गुन्हा आहे. जांभळा दिवा घेऊ नकोस, पांढराच बरा. चेअरमनला स्वतःहून बोलावून पुदिन्याची चटणी खायला घाल. आमच्याकडे वॉचमन दोन दिवस माझ्याकडे कसा बघत होता ते मला माहीत. आणि एसीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू देऊ नकोस, पाइप बादलीत सोड. ते पाणी फरशी पुसायला घे, खायच्या झाडांना नको.

तो पोर्टेबल एसी अजून परत करता येतो का बघ. नाहीतर माझा पोटमाळ्यावर आहेच, दोघी मिळून एकत्र विकू. शनिवारी येते मी, हायग्रोमीटर घेऊन. तोवर चेन उघडी ठेव.