घटक ४.३ : गरोदर स्त्री, एचआयव्ही आणि समुपदेशनाची भाषा

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना अर्ज, इतिवृत्त, जाहिरात हे लेखनप्रकार तुम्ही पाहिले. आता अशा एका संवादाकडे वळू, ज्यात एक शब्द चुकला तर एखाद्या स्त्रीचा संसार पणाला लागतो.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावातून एक गरोदर स्त्री मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाव नोंदवायला आली आहे, अशी कल्पना करा. हिमोग्लोबिन, रक्तगट यांबरोबर तिची एचआयव्ही चाचणीही होते. घरातील पहिली चाचणी बहुधा तिचीच असते. त्यामुळे नवऱ्याला संसर्ग आधीपासून असला, तरी तो 'तिने आणला' असे ठरते. भारतातील प्रतिबंधक कार्यक्रमाच्या नावात 'मातेकडून' ऐवजी 'पालकांकडून बाळाला होणारा संसर्ग' ही शब्दयोजना आली ती याच जाणिवेतून. एका नामाच्या बदलाने दोषाचा रोख कसा बदलतो, याचे इतके बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आता आशय पाहू. उपचार नसल्यास गर्भावस्था, प्रसूती व स्तनपान या काळात १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होऊ शकतो. उपचारांनी हे प्रमाण ५ टक्क्यांखाली येते. १ जानेवारी २०१४ पासून भारतात बाधित गरोदर स्त्रीला आजीवन औषधोपचार देण्याचे धोरण आहे. बाळाला नेव्हिरॅपिनचे पातळ औषध देतात. स्तनपानाच्या काळात ते सहा आठवडे द्यावे का, याचा शोध घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही होते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीर्घकाळ राहू शकतात, म्हणून अंतिम निदानासाठी १८ महिने थांबावे लागते. ही प्रतीक्षा आईला समजावणे सर्वांत कठीण.

त्यात पहिले बाळंतपण माहेरी! माहेर जुन्नरकडे असेल तर गोळ्या किती दिवसांच्या न्यायच्या, तेथे कोणाला काय सांगायचे, हे निघण्यापूर्वीच बोलावे लागते. २०१७ च्या कायद्यानुसार चाचणीसाठी संमती व माहितीची गुप्तता बंधनकारक आहे. सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारले तरी समुपदेशकाने निकाल सांगायचा नसतो.

उपक्रम : 'तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे' हे वाक्य त्या स्त्रीला कसे ऐकू येईल? त्याऐवजी तुम्ही काय म्हणाल, ते पाच वाक्यांत लिहा.