एका तासाचा उपास



गेल्या महिन्यात घरभेटी करत असताना आम्ही एका आजींच्या घरी गेलो. आजी दर रविवारी सकाळच्या मिस्सेला येतात. परंतु गेले सात-आठ महिने ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी त्या बाकावरून उठत नाहीत, हे आमच्या लक्षात आले होते. मनात नाही नाही ते आले. घरात काही वाद झाला असेल, कुणावर राग धरला असेल, कुमसाराला यायला संकोच वाटत असेल. विचारावे कसे, म्हणून आम्ही पावसापाण्याच्या गप्पा मारत बसलो. शेवटी आजींनीच विषय काढला. "फादर, डॉक्टरांनी सकाळची गोळी खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून सांगितलंय. अर्धी भाकरी तरी खावी लागते, नाहीतर चक्कर येते. मग पोटात अन्न असताना देवाला कसं घेऊ?"

आम्ही निरुत्तर झालो. गेल्या वर्षी उपवासकाळात आम्हीच वेदीवरून या विषयावर मोठ्या आवाजात बोललो होतो. चर्चच्या दारापर्यंत च्युइंगम चघळत येणाऱ्या तरुणांना ऐकू जावे, हा आमचा हेतू होता. त्यांच्यापैकी किती जणांनी ऐकले, देव जाणे. ज्यांना ऐकण्याची गरज नव्हती त्या आजींनी मात्र ऐकले, आणि सात-आठ महिने त्या उपाशी राहिल्या. नियमाचे पहिले वाक्य आम्ही सांगितले होते, पुढची सांगायची राहिली. चूक आमची आहे, म्हणून आज पूर्ण नियम लिहितो.

ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेतील ९१९ वे कलम असे सांगते की पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी किमान एक तास काही खाऊ-पिऊ नये. यात पाणी आणि औषध धरलेले नाही. पाणी केव्हाही प्यावे, गोळी केव्हाही घ्यावी. शिवाय हा तास मोजायचा तो कम्युनियनच्या वेळेपासून मागे, मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून नव्हे. आपल्या रविवारच्या मिस्सेत कम्युनियन साधारण चाळीस मिनिटांनी येते. (प्रवचन लांबले तर त्याहूनही उशिरा, हे आम्हाला ठाऊक आहे.) म्हणजे मिस्सेच्या आधी वीस-पंचवीस मिनिटे तोंड बंद ठेवले की नियम पाळला गेला.

आता त्याच कलमातील आम्ही न सांगितलेला भाग. जे वयोवृद्ध आहेत, जे आजारी आहेत आणि जे त्यांची शुश्रूषा करतात, त्यांनी त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतात. त्यासाठी फादरांची खास परवानगी काढावी लागत नाही. म्हणजे आजींना मोकळीक आहेच, पण त्यांना उठवून, औषधपाणी करून, उरलेला चहा घाईने घशाखाली ढकलून त्यांना चर्चला आणणाऱ्या सुनेलाही आहे. खुद्द आम्हा धर्मगुरूंनाही एका दिवशी दोन-तीन मिस्सा अर्पण करायच्या असल्या, तर पहिलीनंतर काही घेण्याची मुभा त्याच कलमात दिली आहे. आम्ही ती मुभा दर रविवारी न चुकता घेतो आणि आजींना मात्र उपासाचा उपदेश करतो, हे लिहिताना लाज वाटते.

पण आजी अडाणी नव्हत्या. त्यांच्या आईने त्यांना जे शिकवले ते त्या पाळत होत्या, आणि आईने शिकवले ते त्या काळी अगदी बरोबर होते. आपल्या धर्मग्रामात आज जे सर्वांत वयोवृद्ध आहेत त्यांना जरूर विचारा. त्यांच्या प्रथम कम्युनियनच्या वेळी मध्यरात्रीपासून अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, असा कडक नियम होता. सकाळी चूळ भरताना चुकून घोटभर पाणी पोटात गेले तर? या भीतीने रडणारी मुले होती. प्रथम कम्युनियननंतर मुलांना नाश्ता देण्याची पद्धत आपण आज हौस म्हणून चालू ठेवली आहे, पण तेव्हा ती गरज होती, कारण मुले खरोखरच भुकेने कळवळलेली असत. मोठी माणसेही उपाशीपोटी वाट तुडवत येत आणि मिस्सेनंतर घरी जाऊन मग चूल पेटवत.

हा नियम कुणा एका पोप महोदयांनी एके दिवशी काढलेला नव्हता. इ. स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन एका पत्रात लिहितात की, ख्रिस्तसभेत सर्वत्र हे भोजन उपाशीपोटीच घेतले जाते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्या काळी तर औषधानेही हा उपास मोडतो असे मानत. मात्र मरणाच्या दारात असलेल्या आजाऱ्याला तेव्हाही सूट होती, त्याने जेवण केलेले असले तरी त्याला ख्रिस्तशरीर देत.

पुढे नियम सैल का झाला, हेही समजून घेतले पाहिजे. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेला असा कायदा करावा लागला होता की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थानकाळात, ख्रिस्तशरीर स्वीकारावे. वर्षातून एकदा घ्या, असे कायद्याने सांगावे लागणे यातच लोक किती दूर गेले होते ते दिसते. आदर इतका वाढला होता की जवळ जाण्याचे धैर्यच उरले नव्हते. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली हे दार उघडले. जो कृपेच्या स्थितीत आहे आणि योग्य हेतूने येतो त्याने वारंवार, शक्य तर रोज यावे, असे त्यांनी जाहीर केले. १९१० साली त्यांनी सात वर्षांच्या आसपासच्या, समज आलेल्या मुलांनाही या भोजनाला बोलावले. मग रोज येणाऱ्या माणसाने मध्यरात्रीपासूनचा उपास कसा करायचा? कामगार, रात्रपाळीचे लोक, अंगावर पाजणाऱ्या आया यांनी काय करायचे? पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याने उपास मोडत नाही असे ठरवले आणि संध्याकाळच्या मिस्सेची वाटही मोकळी केली. १९५७ साली त्यांनी मध्यरात्रीऐवजी अन्नासाठी तीन तास आणि मद्य सोडून इतर पेयांसाठी एक तास असा नियम केला. १९६४ साली, दुसरी व्हॅटिकन परिषद चालू असताना, पोप सहावे पॉल यांनी तो सगळा एका तासावर आणला.

म्हणजे ख्रिस्तसभेने उपास कमी केला तो लोकांनी यावे म्हणून. आजी उपासामुळेच येईनाशा झाल्या होत्या. नियमाचा हेतू उलटा झाला तो असा.

मग काही जण विचारतात, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने आम्हाला विचारलेही, "फादर, एका तासाने काय होतं? एवढाच ठेवायचा तर काढूनच का नाही टाकला?" प्रश्न चांगला आहे. त्या मुलीला दिले त्यापेक्षा थोडे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

संत थॉमस यांनी हा विषय हाताळताना स्वतःसमोर एक अडचण उभी केली. प्रभू येशूने तर शिष्यांना हे भोजन रात्रीच्या जेवणानंतर दिले. मग आपण जेवणाआधी का घ्यावे? सेमिनरीत आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला वाटले होते की ते काहीतरी फार गहन उत्तर देतील. पण त्यांनी दिलेली कारणे साधी आहेत. एक म्हणजे या संस्काराचा मान. दुसरे म्हणजे ख्रिस्त आणि त्याची प्रीती यांना आपल्या अंतःकरणात पहिली जागा मिळावी, आणि ती पहिली जागा शरीरालाही कळावी. तिसरे कारण आमच्या वर्गात सर्वांना हसवून गेले होते. पोट भरलेल्या, प्यायलेल्या माणसाला ओकारी होण्याचा धोका असतो! एवढ्या थोर तत्त्वज्ञाच्या नजरेतून हेही सुटले नाही.

दुसऱ्या कारणाकडे पुन्हा येऊ, कारण ते आपल्या विश्वासाच्या गाभ्याला भिडते. वेदीवर भाकर भाकरीसारखीच दिसते. रंग, चव, वजन, सारे तेच राहते. पण ती आहे काय, हे बदललेले असते. ती प्रभूचे शरीर झालेली असते. संत थॉमस हे बाह्य गुण आणि मूळ तत्त्व या दोन शब्दांत मांडतात. डोळ्यांना, जिभेला, नाकाला बाह्य गुणांपलीकडे जाता येत नाही. तिथे फक्त कान उपयोगी पडतो, कारण 'हे माझे शरीर आहे' हा प्रभूचा शब्द कानावर आलेला असतो. मग बिचाऱ्या शरीराने काय करावे? जो बदल त्याला दिसत नाही, चाखता येत नाही, त्यात त्याने सहभागी कसे व्हावे? त्याला एक गोष्ट करता येते. ते वाट पाहू शकते. समोर चहाचा कप आलेला असताना 'नंतर' म्हणू शकते. लग्नघरी पाहुणे यायचे असले की आपण ताटावर बसत नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी थांबतो, कारण येणारा माणूस जेवणाहून मोठा आहे. तासाचा उपास तो हाच. मिनिटे मोजत बसलो तर त्याचा सगळा अर्थ हरवतो.

ही भूक आपण एकदा अनुभवली आहे. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली. आपल्या राज्यात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. त्या महिन्यांत आपण मोबाईलवर मिस्सा पाहिली. आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हटली. प्रभू त्या घरांत आला यात आम्हाला शंका नाही. पण भोजन पाहता येते, पाहून पोट भरत नाही. दारे उघडल्यानंतर पहिल्यांदा ख्रिस्तशरीर हातावर घेताना मास्कच्या वर दिसणारे तुमचे भरलेले डोळे आम्ही विसरलेलो नाही. आज मात्र त्याच रांगेत कुणी मागच्याशी गप्पा मारत येतो, आणि कुणी ख्रिस्तशरीर घेऊन बाकावर न परतता थेट गाडीकडे जातो. भूक इतक्या लवकर विसरते!

या विषयाची एक बाजू थोडी कडू आहे, पण टाळून चालणार नाही. संत पौलाने करिंथ येथील मंडळींना जे पहिले पत्र लिहिले त्याचा अकरावा अध्याय घरी उघडून वाचा. तेथील लोक प्रभुभोजनाला जमत तेव्हा जोडून जेवणही करत. ज्यांच्याकडे असे ते आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि ज्यांच्याकडे नसे ते उपाशी राहत. पौल खवळतो. तो म्हणतो की, तुम्ही जे करता ते प्रभुभोजन नव्हेच. मग तो एकमेकांसाठी थांबायला सांगतो. म्हणजे थांबणे हे केवळ वेदीवरच्या प्रभूसाठी नाही, उशिरा येणाऱ्या गरीब भावासाठीही आहे. आपल्या फाटकाशी भाजीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाया पहाटे काय खाऊन निघतात, आम्ही कधी विचारले नाही. तुम्ही विचारले असेल तर आम्हाला सांगा. उपास आपल्याला एका तासाचा आहे, काहींना तो कुणी न सांगताही दिवसभराचा असतो.

आणखी एक खुलासा. पोटाचा उपास मोडला तर सूट आहे, तासाची वाट पाहता येते, पुढच्या मिस्सेला येता येते. मन गंभीर पापात असताना मात्र घड्याळ उपयोगाचे नाही. तिथे आधी प्रायश्चित्त संस्कार. आम्हाला असे लोक माहीत आहेत जे खाल्ले म्हणून रांगेतून मागे फिरतात, पण सख्ख्या भावाशी बांधावरून दहा वर्षे बोललेले नाहीत आणि त्याची त्यांना टोचणी नाही. शनिवारी संध्याकाळी मिस्सेच्या आधी अर्धा तास आम्ही कुमसाराला बसलेलो असतो. बहुधा एकटेच.

आजींकडे परत येऊ. निघताना आम्ही त्यांना एलिया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, राजांच्या पहिल्या ग्रंथातील. तो रानात थकून, मरण मागून झोपला होता. देवदूताने त्याला उठवले, पण उपास कर असे सांगितले नाही. ऊठ, खा, तुला वाट फार आहे, असे सांगितले. तो खाऊन झोपला तर देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला लावले, आणि त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत देवाच्या डोंगराशी पोहोचला. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाकरी खाऊन येऊ?" आम्ही म्हटले, "खाऊनच या." पुढच्या रविवारी त्या सुनेचा हात धरून रांगेत उभ्या होत्या. 'ख्रिस्ताचे शरीर' असे आम्ही म्हटले, त्यांनी 'आमेन' म्हटले, आणि आमचा हात क्षणभर थरथरला.

अशा आणखी किती आजी-आजोबा घरोघरी थांबले असतील ते आम्हाला माहीत नाही. ज्यांना चर्चपर्यंत येणे जमत नाही त्यांच्यासाठी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तशरीर घरी घेऊन येतो. नावे आपल्या विभागाच्या प्रतिनिधीकडे किंवा चर्चच्या कार्यालयात गुरुवार दुपारपर्यंत द्यावीत. टेबलावर स्वच्छ कापड, एक मेणबत्ती आणि क्रूस ठेवला की पुरे. दूरचित्रवाणी बंद असावी. आजाऱ्याने गोळी आणि नाश्ता वेळेवर घ्यावा, आमच्यासाठी थांबू नये, कारण आम्हाला कधी कधी अकरा वाजतात. घरातील इतरांनी ख्रिस्तशरीर घ्यायचे असेल तर तासाचा हिशेब ठेवावा. आणि चहाचा आग्रह करू नये. प्रभू बरोबर असताना आम्ही वाटेत कुठे थांबत नाही.