कूलरचा पडदा आणि वाऱ्याची वाट

सोलापूरचा उन्हाळा कडक, परंतु कोरडा असतो. त्यामुळेच शहराच्या दक्षिणेस वाढलेल्या जुळे सोलापूरच्या वसाहतींत उन्हाळा लागताच खिडक्यांना कूलर बसतात. पाण्याने भिजलेल्या पडद्यातून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. उष्णता-विनिमयाचे हे सर्वांत साधे साधन होय.

शाळेसाठी वा दवाखान्यासाठी कूलर घेताना पडदा जितका जाड तितका गारवा अधिक, असे सर्रास समजले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. हवेचे तापमान ४२ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर कूलरची हवा फार तर सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे वाव १८ अंशांचा. पडद्याच्या एका थराने त्यांपैकी ११ अंश उतरवले, तर तेवढ्याच जाडीचा दुसरा थर उरलेल्या ७ अंशांपैकी जेमतेम ४ अंश उतरवतो. हवेला होणारा अडथळा मात्र दुप्पट होतो. पंखा तोच राहिल्यास खोलीत येणारी हवा घटते. गार पण अपुरी हवा चाळीस मुलांच्या वर्गाला पुरत नाही.

यावर मोठा पंखा हा उपाय खर्चिक ठरतो. हवेचा वेग दुप्पट केल्यास अडथळा चौपटीच्या जवळ जातो आणि वीज आठपटीच्या आसपास लागते. त्यापेक्षा पडद्याचे क्षेत्रफळ वाढवावे, तीन बाजूंना पडदे असलेला कूलर घ्यावा. तीच हवा मग संथपणे, कमी अडथळ्याने आत येते. समोरची खिडकी उघडी हवी, हे सांगावयास नकोच. तरीही ती बहुधा बंदच आढळते! कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार पडद्याची छिद्रे बुजवितात, तेव्हा टाकीतील पाणी वरचेवर बदलणे अगत्याचे आहे.

मोटारीचा रेडिएटर व वातानुकूलन यंत्र यांत पाण्याच्या पडद्याऐवजी धातूच्या नळ्या व पातळ पत्र्या असतात. पत्र्या दाट बसविल्या की उष्णता सोडणारा पृष्ठभाग वाढतो, पण वाट अरुंद होऊन धूळही लवकर साचते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीस हाच नियम लागू पडतो. तिच्यातील तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहावे लागते. म्हणून ती भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवावी आणि तिच्या उष्णता सोडणाऱ्या जाळीवरील धूळ मार्चपूर्वीच झाडून घ्यावी.