विसाव्याची वेळ वहीत मांड

अगं, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात तू सुपरवायझर झालीस, फार आनंद झाला बघ. फोनवर विचारलंस ना, ‘ताई, हाताखालच्या बायका दुपारनंतर मरगळतात, त्यांच्यात उत्साह कसा आणू?’ भाषण नको देऊस, बक्षिसाचं आमिषही नको. आधी बघ, त्यांना विसावा मिळतो का?

वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. वर तापलेला पत्रा, शेजारी मशीनची धग. अशात हात चुकतो, माल खराब निघतो, तू रागावतेस आणि त्या आणखी मिटून जातात. आपण ज्याला आळस म्हणतो, त्यात पुष्कळसा थकवाच असतो गं. शिवाय त्या पहाटे उठून पाणी भरून, डबे करून आलेल्या असतात. सुट्टीचा दिवस धुण्याभांड्यांत जातो. घरी न मिळणारा विसावा कामावरही मिळाला नाही, तर जीव रमायचा कसा?

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचं, साल आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं, नवा करारही तेव्हाच ठरतो. त्याच सणाला सासुरवाशीण माहेरी येते, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते. ‘काम संपलं का?’ असं तिला कुणी विचारत नाही. तिचा विसावा सणातच बांधून दिलेला आहे.

गिरण्यांत मात्र तो भांडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं झगडले. एप्रिल 1890मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1948च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद आली. म्हणजे तू त्यांच्यावर उपकार करणार नाहीस, त्यांच्या हक्काचंच त्यांना देणार आहेस.

आता काय करायचं, ते सांगते. कामाच्या वहीत शिफ्टसारखीच विसाव्याची वेळही मांड. दोघी-दोघींना आळीपाळीने सोड, म्हणजे मशीन थांबणार नाही. पंख्याखाली बसायला जागा आणि माठात गार पाणी हवंच. सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करू नकोस. रजा मागणारीला चारचौघींत कारण विचारू नकोस. पाळी आली असेल, अंग दुखत असेल, ते तिला मोकळेपणाने सांगता येईल इतका जिव्हाळा ठेव. आणि तू स्वतःही वेळेवर जेव, हक्काची रजा घे. तू उपाशीपोटी राबत राहिलीस, तर त्यांना बसायला संकोच वाटेल.

शेठ कुरकुरतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. गेल्या महिन्यात खराब निघालेला माल आणि गैरहजेऱ्या नीट लिहून काढ. मग महिनाभर विसाव्याच्या वेळा पाळ आणि दोन्ही हिशेब त्यांच्यापुढे ठेव. माणसं टिकली, मन लावून कामाला लागली, की ते वहीतच दिसतं. येत्या सोमवारपासूनच सुरू कर, आणि काही अडलं तर मला फोन कर.