दहा सिटिंगचे पैसे भरण्याआधी

गुडघे धरले, मान आखडली, पाठीत उसण भरली की घरोघरी क्रम ठरलेला असतो. आधी बाम, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग कुणीतरी सुचवलेला मालिशवाला, आणि पंधरा दिवस-महिना अंगावर काढल्यावर डॉक्टर. ते चिठ्ठीवर ‘फिजिओ, १० दिवस’ एवढंच खरडतात. क्लिनिकच्या काउंटरवर विचारतात, ‘‘रोजचे देताय की पॅकेज घेताय?’’ दुखण्याने वैतागलेला माणूस पॅकेज घेऊन मोकळा होतो, कारण त्यात दोन-तीनशे रुपये सुटतात. त्या दहा दिवसांत नेमकं काय करणार आणि दहाच का, हे विचारायचं राहून जातं.

फिजिओथेरपीने गुण येतो, यात शंका नको. गुडघ्यांची झीज, कंबरदुखी, जखडलेला खांदा, टाचदुखी या नेहमीच्या तक्रारींत व्यायाम हा पहिल्या फळीतला उपचार आहे. मात्र गुण कशाने येतो हे माहीत असलं तर खर्च जवळपास निम्म्यावर आणता येतो.

मशीन लावून आले!

क्लिनिकमध्ये तीन गोष्टी मिळतात: तपासणी, मशीन आणि व्यायाम. हाताने सांधा मोकळा करून देणं मी व्यायामातच धरते. पेशंटच्या लक्षात राहतं ते मशीन. आयएफटी या विजेच्या मशीनचे पॅड लावले की मुंग्या येतात, अल्ट्रासाउंडची गार जेल लावून मशीनचं डोकं गोल फिरवतात, कंबरेला पट्टे बांधून ट्रॅक्शन देतात. वीस मिनिटं पडून राहायचं. उठल्यावर बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खोटं नसतं, फक्त फार टिकत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला उपचारांचे निकष ठरवून देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स (हेही विजेचंच मशीन), आयएफटी आणि ट्रॅक्शन देऊ नका असं स्पष्ट सांगितलं. २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेबाबतही विजेच्या मशीनवर तिने हाच शेरा मारला आणि व्यायाम मात्र सगळ्यांना द्या म्हटलं.

मग आपल्याकडे मशीनचाच बोलबाला का? एका वेळी चार पलंगांवर चार पेशंटना मशीन लावून ठेवता येतं. व्यायाम शिकवायचा तर थेरपिस्टला एकाच माणसासमोर उभं राहावं लागतं. शिवाय पेशंटलाही मशीन लावलं नाही तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. एखाद्या प्रामाणिक थेरपिस्टने ‘मशीनची गरज नाही, हे तीन व्यायाम करा आणि पुढच्या आठवड्यात दाखवा’ म्हटलं, तर आपणच बाहेर येऊन ‘काहीच केलं नाही हो त्यांनी’ म्हणतो.

दुखणं इतकं असेल की हातपाय हलवूच देत नाही, तर पहिले दोन-तीन दिवस शेक किंवा मशीन घ्यायला हरकत नाही. पाचव्या सिटिंगलाही फक्त पडूनच राहायचं असेल, तर मात्र आपण भाड्याने पलंग घेतला आहे असं समजावं.

दर आणि हिशोब

दर गावावर आणि पत्त्यावर ठरतात. तालुक्याच्या ठिकाणी एका सिटिंगला साधारण १५० ते ३०० रुपये, पुणे-नाशिक-ठाण्यातल्या साध्या क्लिनिकमध्ये ३०० ते ६००, आणि मोठ्या खासगी हॉस्पिटलात किंवा खेळाडूंसाठीच्या चकचकीत सेंटरमध्ये ८०० ते १,५०० घेतात. पहिल्या तपासणीचे बहुतेक ठिकाणी वेगळे ५०० ते १,००० पडतात, आणि हे पैसे द्यायला कुरकुर करू नये, कारण सगळा उपचार त्यावरच उभा असतो. थेरपिस्ट घरी येणार असेल तर ५०० ते १,२०० धरा. गुडघा बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे, पक्षाघात किंवा जिना उतरता न येणारे वृद्ध सोडले, तर घरी बोलावणं ही बहुधा चैन असते. उपचारावर जीएसटी माफ आहे, त्यामुळे बिलात कर लावलेला दिसला तर कशावर लावला ते विचारा.

आता गुडघ्यांचं एक उदाहरण मांडून पाहू. सिटिंग ४०० रुपयांचं, रिक्षा जाऊन-येऊन १२०. सलग पंधरा दिवस मशीन लावून घेतलं तर सिटिंगचे ६,००० आणि रिक्षाचे १,८०० मिळून ७,८०० रुपये. दुसरी रीत अशी: तपासणीचे ६००, मग आठवड्यातून एक याप्रमाणे सहा सिटिंगचे २,४००, रबरी पट्टा ३००, गरम पाण्याची पिशवी ३००, सात फेऱ्यांची रिक्षा ८४०. एकूण ४,४४०. पहिल्या रीतीत पंधरा दिवसांत सगळं संपतं. दुसरीत दीड महिना थेरपिस्टची नजर राहते, आणि स्नायूंत ताकद यायला तेवढे आठवडे लागतातच. पंधरा दिवसांत मांडी मजबूत होत नाही, कितीही पैसे मोजले तरी.

पैसे वसूल होतात ते पहिल्या भेटीत

चांगली तपासणी अर्धा-पाऊण तास चालते. आधी प्रश्न: कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, रात्री झोपमोड होते का, शुगर आहे का, काम बसून की उभ्याने. मग खुर्चीवरून उठायला लावतात, चालायला लावतात, एका पायावर उभं करतात, सांधा कुठपर्यंत वळतो ते पट्टीसारख्या साधनाने बघतात आणि आकडा लिहून ठेवतात. हा आकडा महत्त्वाचा. तीन आठवड्यांनी खांदा ९० वरून १२० अंशांवर गेला की नाही, हे त्यावरून कळतं. नाहीतर ‘जरा बरं वाटतंय’ यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. दुखतं कुठे एवढंच विचारून कुणी थेट पॅड लावायला घेतलं, तर तपासणीचे पैसे कशाचे घेतले ते विचारायला हरकत नाही.

निघताना दोन ओळींचा कागद मागून घ्या: कोणता व्यायाम, किती वेळा, दिवसातून कितीदा. थेरपिस्टच्या देखत तोच व्यायाम स्वतः करून दाखवा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या म्हणा. घरी गेल्यावर पाय नक्की कुठे ठेवायचा यावरून सगळी गाडी अडते.

गुडघे

‘वंगण संपलं’, ‘गॅप कमी झाला’ हे ऐकून अर्धे लोक चालणंच सोडतात. नेमकी उलट गोष्ट करायची असते. सांध्याला बळ देतो मांडीचा पुढचा स्नायू, आणि बसून राहिलं की तोच वितळतो. खुर्चीचा साधा व्यायाम बघा. बिनहाताची, कडक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पुढच्या कडेवर यायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर. धड पुढे झुकवून उठायचं, आणि बसताना धपकन न टेकता मनात तीन मोजत सावकाश खाली यायचं. खरी मेहनत या बसण्यात आहे. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर बैठकीवर उशी टाकून उंची वाढवायची. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. व्यायाम करताना सोसवेल इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत झालं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा लंगडायला लागलं, तर वेळा कमी करायच्या, व्यायाम बंद करायचा नाही.

वजनाचा मुद्दा टाळता येत नाही. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. या उपचाराला सिटिंग लागत नाही.

कंबर, खांदा आणि बाकीचे

कंबर धरली की सगळ्यात जास्त पैसे जातात ते एमआरआयमध्ये. काही हजार मोजून रिपोर्ट येतो, त्यात ‘डिस्क बल्ज’ असतं, आणि ‘गादी सरकली’ म्हणत घर हादरतं. अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन एकत्र तपासले तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के माणसांत हे बल्ज सापडलं. म्हणजे ते केस पिकण्यासारखं वयाचं लक्षण असू शकतं. अचानक धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत सहा आठवड्यांत बरीच सुटते. अंथरुणात पडून राहिलं तर उलट लांबते. शक्य तेवढं चालत राहायचं आणि दोन-तीन सिटिंगमध्ये व्यायाम शिकून घ्यायचे, एवढं पुष्कळांना पुरतं.

जखडलेल्या खांद्याची गोष्ट वेगळी. मधुमेह्यांना तो जास्त होतो आणि सुटायला एक ते तीन वर्षंही लागतात, त्यामुळे ‘वीस सिटिंगमध्ये हमखास मोकळा’ असं कुणी म्हटलं तर उठून यावं. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात हात जोरजोरात ओढून घेतल्याने दुखणं चिघळतं. त्या काळात दुखण्याच्या आतल्या हलक्या हालचाली आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडून सांध्यात इंजेक्शन घ्यायचं. ताणायचे व्यायाम नंतर, ठणका ओसरून नुसता ताठरपणा उरल्यावर. इथे सिटिंगची संख्या वाढवण्यापेक्षा ती महिन्यांवर पसरवणं शहाणपणाचं.

टेनिस एल्बो हा रॅकेट कधी हातात न धरलेल्यांचाच आजार जास्त. त्यात स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पटकन आराम पडतो, पण वर्षभरानंतर बघितलं तर इंजेक्शन घेतलेले मागे पडलेले दिसतात. टाचदुखीला पोटरी आणि तळव्याचे ताण, पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, घरात मऊ तळाची चप्पल. एक-दोन भेटींत शिकून होतं.

फुकटात किंवा थोडक्यात

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का, हे केसपेपर काढतानाच विचारा. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या पालिका रुग्णालयांत फिजिओथेरपीचं शिक्षणही चालतं. केईएममधली संस्था पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकात सुरू झाली आणि देशात या विषयाच्या शिक्षणाची सुरुवात तिथूनच झाली. हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आहे. रांगेत तास-दीड तास जातो, विद्यार्थी हात लावतात म्हणून काही जण नाक मुरडतात. मला विचाराल तर शिकणारी मुलं जास्त वेळ देतात आणि त्यांच्या मागे शिक्षक उभे असतात. तपासणी अशा ठिकाणी करून घ्यायची आणि व्यायाम घरी, हे खिशाला सर्वांत परवडणारं.

खासगीत जाताना नाव-फलकापेक्षा नोंदणी बघा. बीपीटी ही पदवी आतापर्यंत सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची असे, एमपीटी त्यावर दोन वर्षांची. राज्यात या व्यवसायाच्या नोंदणीसाठी २००२ च्या कायद्याने परिषद नेमलेली आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक पावतीवर असायला हवा. तीन महिन्यांचा कोर्स केलेला मसाजवाला आणि हाडवैद्य या यादीत बसत नाहीत.

आधी डॉक्टर

कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडत चालला, तर थेट हॉस्पिटल, त्याच दिवशी. ताप, उगाच घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, म्हातारपणी पडल्यानंतरचं दुखणं, एकाच पोटरीला आलेली गरम सूज, घाम फुटून डाव्या खांद्यात किंवा जबड्यात येणारी कळ यांपैकी काहीही असेल तर फिजिओ नंतर. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर मशीन लावण्याआधी स्वतःहून सांगा. अंगात धातूची पट्टी असेल तर डायथर्मी, म्हणजे आतपर्यंत शेक देणारं मशीन, नको. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी गरम पिशवीचा शेक टाळावा, कारण कातडी भाजते तरी कळत नाही.

विमा

नुसत्या बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. ऑपरेशनसाठी दाखल झाला असाल तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक काळातला खर्च, बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांचा, मागता येतो. त्यासाठी उपचार करणाऱ्या सर्जनची लेखी चिठ्ठी, प्रत्येक सिटिंगची तारीख असलेलं बिल आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक लागतो. चिठ्ठी डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. नंतर ओपीडीची फी भरून रांगेत उभं राहावं लागतं.

पॅकेज घ्यायचंच असेल तर सहाच्या वर घेऊ नका, आणि उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतात का, ते पावतीवर लिहून घ्या. सहा सिटिंग आणि घरचा व्यायाम नेमाने करूनही मोजमापात काहीच फरक नसेल, तर सातव्याचे पैसे न भरता तपासणीचा कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या थेरपिस्टकडे जा. तो कागद तुमचाच आहे, मागितल्यावर त्यांनी दिला पाहिजे.